एका लयीत धावावं की तुकड्यांत पळावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे साडेपाचला आमच्या तालुक्याच्या मैदानावर दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. दुसरे चाळिशी-पन्नाशीतले, ज्यांना डॉक्टरांनी ‘जरा हालचाल वाढवा’ म्हणून सांगितलंय. पहिल्यांना वेग हवा असतो, दुसऱ्यांना वजन, शुगर, बीपी आटोक्यात हवं असतं. प्रश्न मात्र दोघांचे सारखेच. गेली काही वर्षं तीच तीच उत्तरं मैदानाच्या कडेला उभं राहून देतोय, ती इथे लिहून ठेवतो.

दोन्हीत नेमका फरक काय?

एका लयीत धावणं म्हणजे ज्या वेगाने सुरुवात केली त्याच वेगाने अर्धा तास, पाऊण तास, तासभर जात राहणं. श्वास वाढतो, घाम येतो, पण शेजारच्याशी बोलता येतं. इंटरव्हल म्हणजे ठरावीक अंतर किंवा ठरावीक वेळ जोरात पळायचं, मग चालत किंवा हळू जॉग करत दम घ्यायचा आणि पुन्हा जोरात पळायचं.

‘इंटरव्हल’ हा शब्द मुळात त्या मधल्या विश्रांतीसाठी आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हे हृदयरोगतज्ज्ञ यांनी ही पद्धत शिस्तीत बसवली. धावून नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची आणि ती १२०पर्यंत उतरली की पुढचा तुकडा सुरू करायचा. नाडी दीड मिनिटात उतरली नाही, तर तुकडा फार जोरात किंवा फार लांब झाला असं समजायचं. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला आणि तो १९५५पर्यंत टिकला. आपल्या मैदानावर नेमकी उलटी गोष्ट दिसते. तुकडा सगळे मोजतात, ब्रेक कुणी मोजत नाही. कोणी अर्ध्या मिनिटात पुन्हा सुटतो, तर कोणी मोबाईल बघत पाच मिनिटं बसून राहतो.

इंटरव्हल आणि स्प्रिंट एकच ना?

नाही, आणि या गोंधळातून फार पाय दुखावतात. इंटरव्हल दोन प्रकारचे धरा. लांब इंटरव्हल तीन-चार मिनिटांचे असतात. जोर भरपूर, पण जीव तोडून नाही. नॉर्वेत यावर खूप काम झालं आहे. चार मिनिटं हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. स्प्रिंट इंटरव्हल २० ते ३० सेकंदांचे असतात आणि त्यांत खरोखर जेवढी ताकद आहे तेवढी लावायची असते. स्प्रिंटमध्ये स्नायूंवर येणारा ताण वेगळाच असतो. मांडीचा मागचा स्नायू धरतो, तो बहुतेक वेळा अशाच दिवशी.

माझा वेग हळू आहे की जास्त, हे कळणार कसं?

धावता धावता घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट मोठ्याने सांगा. न अडखळता सांगता आला तर वेग हलका आहे. दोन-तीन ठिकाणी श्वासासाठी थांबावं लागलं तर तुम्ही मधल्या वेगात आहात. फक्त गावाचं नाव निघालं तर तो इंटरव्हलचा वेग. घड्याळ नसलं तरी ही परीक्षा कधी फसत नाही.

ठोके मोजायचेच असतील तर मिनिटाचे कमाल ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यापेक्षा ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे जास्त जवळ जातं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८०च येतं. साठीत मात्र पहिलं सूत्र १६० सांगतं आणि दुसरं १६६. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत. तुमचा खरा आकडा दहा-बाराने इकडेतिकडे असू शकतो. मनगटावरचं घड्याळ छोट्या स्प्रिंटमध्ये मागे पडतं. तुम्ही थांबून वाकलेले असता तेव्हा कुठे त्याचा आकडा वर चढतो. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात. तेव्हा आकडा सोडा, पत्ता सांगा.

सर, रोज सोळाशे टायमिंग लावून पळतो, तरी टाइम कमी होत नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून याचं उत्तर सविस्तर.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण ५० गुण, त्यांतले २० लांब धावेला आणि १५-१५ बाकी दोन्हींना. म्हणजे एकाच उमेदवाराला दम आणि वेग दोन्ही दाखवावे लागतात. आपल्या या प्रश्नाचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

आता १६०० मीटर म्हणजे साडेपाच-सहा मिनिटांचं काम. एवढ्या वेळात शरीर जी ऊर्जा वापरतं, तिचा साधारण चार-पंचमांश भाग ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येतो. ती यंत्रणा वाढते कशी? हलक्या, लांब धावांनी. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. याला महिने लागतात. पोरं काय करतात? मैदानावर येतात, दोन मिनिटं हातपाय झटकतात, सोळाशे ऊर फुटेस्तोवर पळतात, टाइम बघतात, नाराज होऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही रोजची परीक्षा झाली. अभ्यास कधी होतच नाही.

एका मुलाचे चार राउंड मी घड्याळ लावून लिहून घेतले होते: ६८ सेकंद, ८०, ९२, ९५. एकूण ५ मिनिटं ३५. तो म्हणाला, ‘सर, माझा दम कमी आहे.’ पहिला राउंड त्याने चौथ्यापेक्षा २७ सेकंद लवकर मारला होता. तिसऱ्या राउंडला खांदे कानापर्यंत चढलेले, मुठी घट्ट, पाय मातीत घासत होते. त्याला मी पुढचे तीन आठवडे सोळाशे पळूच दिलं नाही. आठवड्यातून तीन दिवस चाळीस-पन्नास मिनिटं गप्पा मारता येतील असं जॉगिंग. एक दिवस सहा वेळा ४०० मीटर, प्रत्येक ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिलं ४०० त्याने ७४मध्ये मारलं. त्याला परत पाठवलं, ‘८२ म्हणजे ८२’. हळू पळायला लावलं म्हणून चिडलाही होता. पण ८२चे चार राउंड म्हणजे ५ मिनिटं २८. त्याच दमात सात सेकंद वाचतात, फक्त खर्च नीट वाटून केला तर. शरीरात खरी सुधारणा त्यानंतर, दोन-अडीच महिन्यांनी दिसायला लागते.

१०० मीटरचा दिवस पूर्ण वेगळा ठेवा. तिथे दमाचा संबंध जवळजवळ नसतो, स्नायूंत साठवलेली तयार ऊर्जा काही सेकंदांत वापरायची असते आणि ती भरून यायला तीनएक मिनिटं लागतात. म्हणून ४० ते ६० मीटरचे सहा-आठ स्प्रिंट आणि दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. ५० मीटर पळालात तर पाच मिनिटं. पोरांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तो वाया जात नाही. धापा टाकत पळालेला स्प्रिंट तुम्हाला वेगवान करत नाही, फक्त दमवतो.

चार मिनिटांचं तबाता तासभर धावण्यापेक्षा भारी आहे असं म्हणतात. खरं का?

मूळ प्रयोग काय होता ते आधी पाहा. जपानचे इझुमी तबाता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली तो प्रसिद्ध केला. ही पद्धत तिथल्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक वापरत होते. तरुण, आधीच खेळात असलेले विद्यार्थी दोन गटांत घेतले. एक गट आठवड्यातून पाच दिवस तासभर एका लयीत सायकल चालवायचा. दुसरा गट २० सेकंद जोरात, १० सेकंद थांबा, असे सात-आठ फेरे मारायचा. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढली: तासभरवाल्यांची मिनिटाला किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर, इंटरव्हलवाल्यांची ७. शिवाय इंटरव्हलवाल्यांची ऑक्सिजनविना जोर लावण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. तासभरवाल्यांची ती वाढली नाही.

निकाल जबरदस्तच आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तीन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. एक, ते २० सेकंद शरीराच्या ऑक्सिजन-क्षमतेच्या १७० टक्के जोरावर होते. सातव्या-आठव्या फेऱ्यानंतर माणूस पॅडल मारू शकू नये, असाच तो हिशेब. मोबाईलवर गाणं लावून वीस सेकंद उड्या आणि दहा सेकंद थांबा, हा चांगला व्यायाम आहे, पण तो त्या प्रयोगातला व्यायाम नाही. दोन, आधी दहा मिनिटं वॉर्मअप होता. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: इंटरव्हल गट आठवड्यातला एक दिवस अर्धा तास एका लयीतच सायकल चालवायचा आणि मग थोडे फेरे मारायचा. म्हणजे ज्या प्रयोगाच्या नावावर लोक लांब व्यायाम सोडून देतात, त्या प्रयोगातही लांब व्यायाम होता.

मला खरंच वेळ नाही. ऑफिस, प्रवास, मुलं. दहा मिनिटांत काही होईल का?

होईल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैठं काम करणारे पुरुष, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. एका गटाला ४५ मिनिटं एका लयीत सायकल. दुसऱ्याला एकूण दहा मिनिटं, त्यात फक्त तीन वेळा २० सेकंद जीव तोडून आणि मध्ये दोन-दोन मिनिटं हलकं पॅडल. दोन्ही गटांचा दमसास सुमारे १९ टक्क्यांनी वाढला.

वेळ नसणाऱ्याने हे जरूर करावं, पण जागच्या सायकलवर किंवा जिन्यावर. ज्याने पाच वर्षांत धाव घेतलेली नाही त्याने डांबरी रस्त्यावर एकदम स्प्रिंट मारला तर पोटरी किंवा मांडी धरणारच. मी स्वतः तिशीत हा शहाणपणा केला होता. लग्नाच्या हंगामानंतर सुटलेलं शरीर, वॉर्मअप नाही, थंडीची सकाळ. तिसऱ्याच स्प्रिंटला मांडीच्या मागे कुणी दगड मारल्यासारखं झालं. पाच आठवडे लंगडत होतो. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून इतकं लिहितोय.

पोट कमी करायला कोणतं चांगलं?

दोन्हींची तुलना करणारे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चरबी कमी होण्यात फारसा फरक दिसला नाही. ‘इंटरव्हल केल्यावर दिवसभर चरबी जळत राहते’ हे अर्धसत्य आहे. व्यायामानंतर शरीर थोडा जास्त ऑक्सिजन वापरतं खरं, पण त्याचा हिशेब व्यायामात खर्च झालेल्या ऊर्जेच्या छोट्याशा भागाइतकाच येतो.

ढोबळ हिशेब असा: धावताना एका किलोमीटरला शरीराच्या किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर सव्वातीनशेच्या आसपास. एक भरगच्च वडापाव. हळू धावलात काय, जोरात धावलात काय, किलोमीटरमागचा खर्च फारसा बदलत नाही. म्हणून जो प्रकार तुम्ही वर्षभर न कंटाळता कराल तो निवडा, आणि बाकीची लढाई ताटात लढा.

वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. स्प्रिंट मारू का?

सुरुवातीला अजिबात नको. आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब येत असेल, चालताना डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, पायऱ्या चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, तर मैदानावर न येता थेट तपासणीला जा. आपल्याकडे हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात गाठतो, ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर लांब धावेत साखर एकदम उतरू शकते. खिशात दोन साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच. छोट्या जोरदार स्प्रिंटनंतर उलट साखर थोडा वेळ वर गेलेली दिसू शकते. ग्लुकोमीटरचा तो आकडा पाहून घाबरू नका.

याचा अर्थ इंटरव्हल तुमच्यासाठी नाहीत असं नाही. नॉर्वेत हृदयविकाराच्या रुग्णांनाही लांब इंटरव्हल दिले गेले आहेत, अर्थात वैद्यकीय देखरेखीखाली. घरच्या घरी करण्यासारखी सर्वांत सोपी पद्धत जपानमधल्या मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठातून आली: तीन मिनिटं भरभर चालायचं, तीन मिनिटं रमतगमत, असे पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस. मध्यमवयीन आणि वयस्क माणसांवर पाच महिने करून पाहिलं तर मांड्यांची ताकद आणि दमसास दोन्ही वाढले, बीपीही उतरलं. धावायचं नाहीच, फक्त चालायचं. आमच्याकडे साठीतल्या एक मावशी साडी नेसून, पायात साधे कापडी बूट घालून हे करतात. देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत भरभर, टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत हळू. घड्याळाची त्यांना गरज पडत नाही.

पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. भरभर चढा, सावकाश उतरा. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे. चढावर वेग कमी असला तरी हृदयाला काम पूर्ण मिळतं आणि पायांवरचे दणके कमी बसतात.

आठवड्यातून किती वेळा काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे आठवड्याला मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं किंवा जोरकस ७५ ते १५० मिनिटं, किंवा दोन्हींची मिसळ. पाच दिवस येत असाल तर चार दिवस हलकं आणि एक दिवस जोरात, इथून सुरुवात करा. दोन जोरदार दिवस लागोपाठ कधीच नको.

मोठे खेळाडू तर रोज जोरातच पळत असतील ना?

नाही. स्टीफन सायलर या संशोधकाने धावपटू, नौकानयनपटू, स्कीपटू अशा अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलकी होती आणि २० टक्केच जोरदार. हौशी माणूस याच्या अगदी उलट वागतो. हलक्या दिवशी थोडा जास्त जोर लावतो, त्यामुळे जोराच्या दिवशी पाय जड पडतात आणि सगळे दिवस एकाच मधल्या वेगात जातात.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक इंटरव्हलचा बादशहा म्हणून ओळखला जातो. ४०० मीटरचे कितीतरी तुकडे तो एका दिवसात मारायचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्याने जिंकली. पण त्याचे ते सगळे तुकडे पूर्ण जोराचे नसायचे आणि मधला भाग तो जॉग करत पार करायचा. दिवसाचा एकूण पल्ला प्रचंड व्हायचा. आपल्या मातीतलं नाव घ्यायचं तर माण तालुक्यातल्या ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं त्या भारतीय महिलांमध्ये पहिल्या आल्या, मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) वळल्या आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. आमच्या मुली ‘दम वाढवून काय होणार, स्पीड पाहिजे’ म्हणतात तेव्हा मी त्यांना हा क्रम सांगतो. आधी ४२ किलोमीटर, मग तीन.

लांब धावल्याने गुडघे झिजतात का?

निरोगी गुडघा बेताच्या धावण्याने झिजत नाही. दुखतो तो अंतर एकदम वाढवल्यामुळे. नडगी दुखायला लागली की आठवडाभर अंतर अर्ध्यावर आणा. आधीच गुडघ्याचा त्रास असेल तर सायकल किंवा पोहणं.

ट्रेडमिलवर स्प्रिंट चालतील का?

मला पटत नाही. पट्ट्याला वेग पकडायला आणि सोडायला वेळ लागतो, आणि दमलेल्या माणसाचा तोल जातो. ट्रेडमिलवर एका लयीत धावा, किंवा चढ वाढवून भरभर चाला.

सकाळी उपाशीपोटी पळायचं की खाऊन?

हलकी अर्ध्या-पाऊण तासाची धाव उपाशीपोटी चालते. इंटरव्हलच्या दिवशी अर्ध्या तासापूर्वी एक केळं खा. पोरं तीन-चार फेऱ्यांनंतर चक्कर येऊन खाली बसतात, ती बहुतेक रात्री नीट न जेवलेली असतात.

पावसाळ्यात काय करायचं?

ओल्या गवतावर आणि चिखलात स्प्रिंट बंद. आमच्या मैदानाचा दक्षिणेकडचा कोपरा जूनपासून सप्टेंबरपर्यंत निसरडाच असतो आणि दरवर्षी कुणाचा तरी घोटा तिथेच मुरगळतो. हे चार महिने लांब धावांचे धरा. हवा गार असते, ठोके आटोक्यात राहतात, उन्हाळ्यात ज्या वेगाला धाप लागत होती त्याच वेगात आरामात बोलता येतं. जोर लावायचाच असेल तर कमी रहदारीचा डांबरी चढ शोधा. तीस सेकंद वर, चालत खाली, सहा फेरे. बूट मात्र घरी गेल्यावर आत वर्तमानपत्र कोंबून वाळवा, चुलीजवळ ठेवू नका, सोल सुटतो.